बर्फावरचा शेजार

पत्नी अहिल्याबाई गेल्या आणि देवबागच्या घरात उल्हास मयेकरांना एकट्याने दिवस काढणं जड जाऊ लागलं. तेव्हा मुलगी मुक्ता त्यांना जर्मनीत, वाल्डॉर्फला आपल्या घरी घेऊन आली. मयेकर नौदलातले डिझेल मेकॅनिक. तरुणपणी त्यांनी अंटार्क्टिकावरच्या भारतीय तळावर एक हिवाळा काढला होता. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "जनरेटर चालू ठेवले. दुसरं काय?" डाव्या पायाची दोन बोटं नव्हती. ती जहाजावर नांगराच्या साखळीखाली गेली, असं त्यांनी बायकोलाही सांगितलं होतं.

गेल्या शरदात मुक्ता कामासाठी ड्रेस्डेनला निघाली, तेव्हा ते अचानक म्हणाले, "मलाही ने. तिथे माझा शेजारी असतो. एकेहार्ट लोरेन्त्स. असला तर."

"बाबा, ड्रेस्डेनमध्ये तुमचा शेजारी?"

"बर्फावरचा."

नाव विरळा होतं, मुक्ताने शोधलं तर लगेच सापडलं. फोनवर एका म्हाताऱ्याने मयेकरांचं नाव ऐकलं आणि लगेच घरचा पत्ता सांगितला.

दार उघडल्यावर उंच, वाकलेल्या एकेहार्टने मयेकरांचे दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत. मग मुक्ताकडे वळून जर्मनमध्ये विचारलं, "म्हणजे, ही ती? जिच्यासाठी आम्ही चहा प्यायलो?"

मुक्ताला काही कळेना. तेव्हा एकेहार्टने सांगायला घेतलं.

पूर्व जर्मनीचा तळ भारतीय तळाच्या शेजारीच होता. भर हिवाळ्यात रेडिओवर निरोप आला, मयेकरांना मुलगी झाली. एकेहार्ट अभिनंदनाला म्हणून स्नोमोबाईल घेऊन आला. मयेकरांनी त्याला चहा पाजला, दुधाच्या पावडरीचे पेढेही केले होते. तो परत निघाला तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. वाटेत वादळाने गाठलं, आणि तो आपल्या तळावर पोचलाच नाही, असं रेडिओवरून कळलं.

भारतीय तळाच्या प्रमुखाने सक्त हुकूम दिला, वादळ थांबेपर्यंत कोणी बाहेर पडायचं नाही. हुकूम योग्यच होता. त्याला आपली माणसं जपायची होती. मयेकरांनी कमरेला दोर बांधला आणि कोणाला न सांगता ते बाहेर पडले. हाताला हात दिसत नव्हता. वारा जरा पडला की ते हाका मारायचे. शेवटी एका भेगेतून उत्तर आलं. एकेहार्टचा पाय मोडला होता. मयेकरांनी त्याला वर ओढून काढलं आणि पाठीवर घेऊन तळ गाठला. पण बूट भिजले होते. बोटं काळी पडली, कापावी लागली.

मुक्ता बापाच्या पायाकडे बघत राहिली.

"मग याला पदक मिळालं ना?" एकेहार्टने तिला विचारलं.

तिने प्रश्न मराठीत सांगितला. मयेकरांनी मान हलवली. "हुकूम मोडला होता. अहवालातून नाव गळलं, बढतीही राहिली. त्यात चूक काय?"

ते ऐकून एकेहार्ट खिन्न हसला. "तुझं नाव गळलं. माझा तर देशच गळला. आम्हा दोघांना विचारतो कोण?"

परतीच्या ट्रेनमध्ये मुक्ताचा बांध फुटला. "आईलासुद्धा नाही सांगितलंत? आयुष्यभर?"

मयेकर खिडकीबाहेर बघत होते. "माझ्या लेकीचे पेढे खायला आलेला माणूस. त्याला बर्फात कसा टाकू? पण घरी काय सांगणार होतो? पोर जन्मली आणि बाप मरता मरता वाचला, अपंग झाला? गावाने तुला पांढऱ्या पायाची ठरवली असती. त्यापेक्षा साखळी बरी."

मुक्ताने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. लग्न झाल्यापासून असं कधी टेकलं नव्हतं.

त्यानंतर दोघे म्हातारे फोनवर बोलू लागले. एकाला धड इंग्रजी येईना, दुसऱ्याला जर्मन. तरी बोलणं लांबायचं. थंडी सरता सरता एकेहार्ट गेला. त्याची मुलगी आन्के हिने स्वतः कळवलं, आणि मुक्ता वडिलांना घेऊन गेली.

दफनाला मोजकी माणसं होती. घरच्यांनी माती टाकून झाल्यावर आन्केने मयेकरांना पुढे बोलावलं आणि जमलेल्यांना सांगितलं, "हे होते म्हणून मी जन्माला आले."

मुक्ताने ते हलक्या आवाजात मराठीत सांगितलं. मयेकरांनी मूठभर माती टाकली, नौदलातल्यासारखे ताठ उभे राहिले आणि कडक सलाम केला.