असईचे गोलंदाज

पॅरामॅटाच्या ऑफिसातला माझा ऑस्ट्रेलियन सीनिअर महिन्यातून एका शनिवारी ब्रिटिशांची एक लढाई लढतो. भाड्याच्या हॉलमध्ये, मोठ्या टेबलावर, इंचभर उंचीच्या खेळण्यातल्या सैनिकांची. कधी वॉटर्लू, कधी क्रिमिया, कधी झुलूंशी. या वेळी असई होती, इंग्रज आणि मराठ्यांची १८०३ सालची लढाई, आणि मी मराठी म्हणून मराठी फौज माझ्याकडे आली. असई माझ्या आजोळापासून हाकेच्या अंतरावर. तरी आमच्या शाळेच्या पुस्तकात तिला जेमतेम दीड ओळ होती, तेव्हा रागवायचंच झालं तर सुरुवात घरापासूनच करायला हवी.

सीनिअरने तोफा आणि चोवीस गोलंदाज रंगवायला दिले होते. ते माझ्या अकरा वर्षांच्या लेकीने रंगवले, दोन वीकेंड डायनिंग टेबलवर कागद पसरून. हे जिंकले का, असं तिने विचारलं. हरले, म्हटलं, पण तोफा सोडून पळाले नाहीत. तिथेच कापले गेले. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि गोरे पुढे गेल्यावर उठून त्यांच्या पाठीवर तोफा डागल्या. हे जिंकणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय. त्यानंतर तिने काढलेल्या मिशा जरा जास्तच पिळदार होत्या.

शनिवारी दुपारी ती माझ्याबरोबर आली. तिसऱ्याच डावात इंग्रजांच्या तांबड्या डगल्यांची रांग तोफांना भिडली. सीनिअरने फासेसुद्धा टाकले नाहीत. नियमांचं पुस्तक उघडून वाचून दाखवलं: शत्रू भिडला की मराठी गोलंदाज पळतात, त्यांना टेबलावरून उचलावं. आणि उचलायला हात पुढे केला.

माझं डोकंच सणकलं. गोऱ्या गोलंदाजांना हा नियम आहे का, मी विचारलं. नव्हता, ते टिकतात की पळतात हे फासे टाकून ठरायचं. का, तर देशी फौजांची शिस्त कच्ची. हे त्याने चहात साखर किती, इतक्या सहज सांगितलं.

"रूल्स आर रूल्स, मेट."

दोनशे वर्षांपूर्वी त्या शेतात मेलेल्यांना हा गृहस्थ पॅरामॅटात बसून पळपुटे ठरवत होता, आणि वर मी ते निमूट मान्य करावं अशी त्याची अपेक्षा होती! मी तावातावाने बोलत सुटलो. हॉलमधले लोक वळून बघायला लागले. मला त्यांची पर्वा नव्हती. पण लेकही बघत होती, आणि खोटं कोण बोलतंय, पुस्तक की बाबा, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

"बाबा, दे डिडन्ट रन, राइट?"

"नाही पळाले," मी म्हणालो.

तिने सीनिअरचा हात हलकेच बाजूला केला. चोवीसही जणांना एकेक करून तोफांशेजारी आडवं केलं. तांबडी रांग पुढे सरकली, ती तिने सरकू दिली. मग सगळ्यांना पुन्हा उभं केलं आणि तोफांची तोंडं फिरवली.

सीनिअर पुस्तकाची पानं चाळत राहिला. मेलेला मराठी गोलंदाज उठला तर काय करायचं, हे त्यात कुठेच दिलेलं नव्हतं.