सुनंदाबाईंचे हात आणि सोन्याची टोपी

"धंदा बुडवायला ही बाई एकटी बस आहे," शेठ म्हणाले आणि मशीनचा स्क्रीन माझ्यासमोर धरला. लाल. फेल.

तुर्भ्यातला पावडर कोटिंगचा कारखाना. कपाटांच्या पत्र्यांवरचा रंग सुटतो म्हणून शेठनी आमच्या कंपनीकडून हातात धरायचं इन्फ्रारेड मशीन घेतलं होतं. रंग देण्याआधी त्याचा प्रोब, म्हणजे पुढचं टोक, पत्र्याला टेकवायचा. किरण पत्र्यावर आपटून परत येतात. वर तेलाचा थर असेल तर तो त्यातले काही शोषतो. ग्राफ सपाट आला तर पास, नाही तर फेल. मी ते बसवून चारच दिवस झाले होते, आणि पत्रे धडाधड फेल होत होते.

पत्रे पुसायचं काम सुनंदाबाईंचं. दिवाळे गावच्या, सकाळी मासळी विकून कामावर येणाऱ्या. मासळीचं तेल हिच्याच हातांनी पत्र्याला लागतं, असं ठरवायला शेठना तेवढं पुरलं. उद्यापासून येऊ नको, असं त्यांनी सांगूनही टाकलं होतं. खरं सांगतो, मलाही तोच संशय आला. मी त्यांचे ग्लोव्ह्ज उलटेपालटे करून पाहिले. त्या नुसत्या बघत राहिल्या. मला लाज वाटली.

मग नवे ग्लोव्ह्ज घालून मी स्वतः एक पत्रा सॉल्व्हंटने पुसला. फेल. वैतागून स्वतःच्या तेलकट केसांतून बोट फिरवलं आणि ते दुसऱ्या पत्र्यावर घासलं. पास.

इतका वेळ मी नुसता लाल-हिरवा रंग बघत होतो. आता ग्राफ उघडला. तेलामुळे जिथे उंचवटा यायचा, तिथे खड्डा होता. म्हणजे पत्रा साफ होता, मशीनचं शून्यच बिघडलं होतं. वजनकाट्याप्रमाणे यालाही रोज सकाळी शून्य दाखवावं लागतं, सोन्याचा मुलामा दिलेल्या एका छोट्या टोपीवर. ती टोपी उजेडात धरली. कडेला लाल रेघ होती. कुंकू.

मशीन आलं त्या दिवशी पूजा झाली होती. सोन्यासारखं चकाकणारं तेवढंच, म्हणून शेठनी तेलात कालवलेलं कुंकू अंगठ्याने तिथेच लावलं आणि नंतर रुमालाने पुसलं. तेलाचा पुसट थर मात्र राहिला आणि मशीनने त्यालाच शून्य मानलं; म्हणून तेलकट पत्रा पास, साफ पत्रा फेल. मी शेजारी उभा राहून पेढा खात होतो.

टोपी साफ करून पुन्हा शून्य घेतलं. सुनंदाबाईंचे सगळे पत्रे पास झाले. शेठ त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "चला, लागा कामाला."

त्या जागच्या हलल्या नाहीत. "शेट, माजे हात धुतलेले हायत. तुमचा आंगठा कोन धुनार?"

ग्लोव्ह्जबद्दल मी सुनंदाबाईंची माफी मागितली.

हल्ली कुणाचे हात तपासायच्या आधी मी शून्य तपासतो. आणि मशीन बसवताना कुठे नारळ दिसला, की टोपी डबीत बंद होऊन आधी माझ्या खिशात जाते.