माणसं टिकवायचं काम

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एका गुजराती शेठच्या पंप बनवणाऱ्या कारखान्यात मी एचआर सांभाळत होते. मोठे शेठ थकले होते. त्यांचा मुलगा परदेशात शिकून आला आणि त्यांच्या केबिनमध्ये बसू लागला. सगळे त्याला छोटे शेठ म्हणायचे. मी मनात जे म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आल्या आल्या त्याने प्रत्येक टेबलावर कॅमेरा बसवला. चहा जागेवरच प्यायचा असं ठरवलं. रिसेप्शनवरच्या बाईंना काढलं, कारण आजकाल लँडलाइनवर कोण फोन करतं. आणि सगळ्यांचे मोबाइल सकाळी गेटवर, वॉचमनजवळच्या कुलपाच्या पेटीत ठेवायला लावले. स्वतःचे दोन फोन मात्र तो जेवतानाही हातातून सोडत नसे.

माणसं जायला लागली. फिटर गेले, अकाउंट्समधली मुलगी गेली, ज्याच्या जिवावर टेस्टिंग चालायचं तो इंजिनिअर हालोलच्या एका कारखान्यात गेला. तेव्हा छोट्या शेठने मला बोलावलं.

"लोक टिकत नाहीत. हे तुमचं काम आहे ना? प्लॅन आणा."

जाणाऱ्यांना मी कारण विचारायचे. ऑफिसमध्ये सगळे 'घरगुती अडचण' म्हणायचे. बाहेर लारीवर, चहाच्या हातगाडीपाशी चहा पिताना मात्र एका फिटरने सांगितलं, "बेन, खोकायचं तरी कॅमेऱ्याकडे बघून खोकावं लागतं. मी काय चोर आहे?" मी हे जसंच्या तसं केबिनमध्ये जाऊन सांगितलं. कॅमेरे टेबलांवरून काढा, फोन परत द्या, एवढाच माझा प्लॅन होता.

तो हसला. "तुम्ही जुन्या पद्धतीने विचार करता," म्हणाला. दुसऱ्या आठवड्यात भिंतीवर 'आपण एक कुटुंब' असा मोठा बोर्ड लागला आणि दर शुक्रवारी संगीत खुर्ची सुरू झाली. पन्नाशीचे फिटर तेलकट कपड्यांत खुर्च्यांभोवती फिरायचे आणि तो त्यांचे फोटो काढायचा. वाढदिवसाला केक असायचा. ज्याचा वाढदिवस त्याने उभं राहून कंपनीबद्दल दोन शब्द बोलायचे. मी माझ्या वाढदिवसाला रजा टाकली.

माल पाठवण्याचं, डिस्पॅचचं काम बघणाऱ्या एक बाई होत्या, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या. आमचं आपसात बरं नव्हतं. माझं काम म्हणजे रजेचे अर्ज अडवणं, असं त्या माझ्या तोंडावर म्हणायच्या आणि मलाही त्यांचा तो चढा आवाज सोसायचा नाही. पण ट्रान्सपोर्टवाले फक्त त्यांनाच वचकून असत. माल वेळेवर निघायचा तो त्यांच्यामुळे, हे मोठ्या शेठलाही ठाऊक होतं. आम्ही दोघी मराठी, तरी कारखान्यात एकमेकींशी गुजरातीतच बोलायचो. ते अंतर दोघींना सोयीचं होतं.

एका दुपारी त्यांच्या सासूबाई घरी जिन्यावरून पडल्या. घडियाळी पोळेतलं, जुन्या शहरातल्या चिंचोळ्या गल्लीतलं घर, जिना अरुंद. शेजारच्यांनी त्यांना उचलून दवाखान्यात नेलं आणि तिथून बाईंना फोन करत राहिले. फोन गेटवरच्या पेटीत वाजत होता. वॉचमनने तो ऐकला. पण पेटी सुट्टी झाल्याशिवाय उघडायची नाही, उघडली तर नोकरी जाईल, असं त्याला बजावलेलं होतं. कारखान्याच्या लँडलाइनवरही फोन आले. तिथे उचलायला कोणी नव्हतं. संध्याकाळी सुट्टी झाल्यावर बाईंनी फोन हातात घेतला तेव्हा त्यांना कळलं. खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि घरचं माणूस सहीला नाही म्हणून ऑपरेशन खोळंबलं होतं. नवरा तेव्हा वापीला कामावर.

दोन दिवसांनी त्या कामावर आल्या आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये उभ्या राहिल्या. आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

"फोन तुमच्या पेटीत राहू दे. पण घरून फोन आला तर वॉचमनने आत येऊन सांगावं. एवढंच मागते."

"इमर्जन्सीसाठी ऑफिसचा नंबर द्यायचा असतो," तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला.

"दिला होता. तो उचलणाऱ्या बाईंना तुम्ही काढलंत."

"हे बघा, तुमची सासू पडली त्यात कंपनी काय करणार? एकाला सवलत दिली की सगळे मागतात. ज्याला नियम जड वाटतो त्याला दरवाजा मोकळा आहे."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग आमच्या सगळ्यांकडे. मी बोलले. "साहेब, त्यांचं मागणं रास्त आहे," म्हणाले. त्याने मला "तुम्ही मध्ये पडू नका" असं सांगेपर्यंत बाई खुर्ची मागे सारून बाहेर पडल्या होत्या. डबा घेतला, गेटवर फोन घेतला आणि गेल्या.

आठवडाभरात डिस्पॅच कोलमडलं. राजकोटचा माल कोइम्बतूरला गेला. मग मोठ्या शेठनी मला बोलावून सांगितलं, "बेन, तुम्ही दोघी मराठी. जरा जाऊन समजावून या."

मी गेले. मांजलपूरच्या माझ्या घरून स्कूटरवर, भर उन्हात. स्कूटर पोळेच्या तोंडाशीच ठेवावी लागली. त्यांच्या सासूबाई पुढच्या खोलीत पलंगावर होत्या, भिंतीकडे तोंड करून. बाईंनी पाणी दिलं आणि पहिल्यांदाच मराठीत बोलल्या.

"त्यांनी पाठवलं ना तुम्हाला?"

"हो."

"पगार वाढवतो म्हणाले असतील."

"म्हणाले."

"त्याला म्हणावं, सगळ्यांसमोर जे बोललास ते सगळ्यांसमोर मागे घे. माझ्या सासूची माफी मागायला घरी यायची गरज नाही. त्याच खोलीत, त्याच माणसांपुढे. मग उद्या येते. पगार आहे तोच ठेवा."

"तो नाही मागणार."

"मला माहीत आहे." त्यांनी माझा रिकामा पेला उचलला. "तुम्ही का राहता तिथे?"

मुलाची बारावी, घराजवळची नोकरी, ही उत्तरं माझ्याजवळ तयार होती. मी दिलीही. त्यांनी मान डोलावली, वाद घातला नाही. निघताना सासूबाई पलंगावरूनच म्हणाल्या, "चहा न घेता जाऊ नको गं," आणि सुनेला हाक मारली. मी परत बसले. तो चहा तिघींनी मिळून घेतला.

निरोप मी केबिनमध्ये शब्द न बदलता सांगितला. मोठे शेठ मुलाकडे बघत राहिले. मुलगा म्हणाला, "मी माफी मागायची? एका डिस्पॅच क्लार्कची?" मोठ्या शेठनी डोळे मिटून घेतले. बास, तेवढंच.

बाई पोर नावाच्या गावातल्या एका कारखान्यात लागल्या. त्यांच्यामागे डिस्पॅचमधले आणखी तिघे गेले. छोट्या शेठने ठरवलं की त्यांना मीच फोडलं. मला सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्ही पगार कोणाचा खाता?" मी तिथल्या तिथे राजीनामा लिहिला. नोटिशीचे दिवस त्याने मला रिकाम्या टेबलावर, कॅमेऱ्यासमोर, काही काम न देता बसवून ठेवलं. मी रोज वेळेवर जायचे आणि त्या कॅमेऱ्याकडे सरळ बघत बसायचे. शेवटी त्यालाच ते सोसेना. दिवस भरायच्या आधीच त्याने मला मोकळं केलं.

मुलगा बारावी पास झाला. मला फतेगंजला एका छोट्या ऑफिसात नोकरी मिळाली. डिस्पॅचवाल्या बाई आता कधीमधी फोन करतात. आम्ही मराठीत बोलतो आणि अजूनही भांडतो.

मागच्या थंडीत एका लग्नात छोटा शेठ दिसला. जेवणाच्या रांगेत माझ्यामागेच उभा. पोट सुटलं होतं आणि चेहरा अगदी ओशाळवाणा वगैरे नाही, होता तसाच होता. जणू काही झालंच नाही अशा थाटात म्हणाला, "बेन, चांगली माणसं मिळतच नाहीत हल्ली. तुमच्या ओळखीत कोणी आहे का? डिस्पॅचला?"

त्याच सकाळी माझ्याकडे दोन हुशार मुली कामाचं विचारून गेल्या होत्या.

"नाही," मी म्हणाले, आणि ताट घेऊन पुढे सरकले.