पाण्याखालच्या विहिरीचा धडा

डेल्फा टॅकेट आमच्या टेनेसीतल्या शाळेत पाचवीला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायची. शेजारचा गणिताचा वर्ग माझा. पातळ भिंतीतून तिचा संथ आवाज यायचा. बोलता बोलता ती थांबायची, खिडकीतून तलावाकडे बघत राहायची. मुलंही तेवढा वेळ गप्प बसत.

त्या तलावाखाली टॉलिव्हर नावाचं गाव आहे. धरण झालं तेव्हा ते बुडालं. पाठ्यपुस्तकात त्याच्या दोनच ओळी होत्या: वीज आली, पूर थांबले. एकदा जुनिपर क्रॅबट्री नावाच्या मुलीनं विचारलं, "बाई, मग तिथली माणसं कुठे गेली?"

डेल्फाला सांगता येईना. जेवणाच्या सुट्टीत मला म्हणाली, "वीस वर्षं शिकवतेय गं, हे मनातसुद्धा आलं नाही."

ती शोधायला लागली. शिक्षकांसाठी जुने नकाशे, पत्रं, फोटो इंटरनेटवर मोफत ठेवलेले असतात. इतिहासाचे शिक्षक त्यातून युद्धं आणि राष्ट्राध्यक्षच उचलायचे. डेल्फाला तिथे धरणाआधीच्या टॉलिव्हरच्या जमीनमोजणीचा नकाशा सापडला. घरं, गिरणी, विहीर, प्रत्येक दारावर मालकाचं नाव. मुलांनी तो पारदर्शक कागदावर उतरवून तलावाच्या नकाशावर ठेवला. निळ्या पाण्यातून गल्ल्या वर आल्या. गिरणीशेजारी जुनिपरचं आडनाव होतं.

तिचे पणजोबा ऑब्री नऊ वर्षांचे असताना तिथून निघाले होते आणि घरी त्याबद्दल कधी बोलले नव्हते. जुनिपर त्यांना वर्गात घेऊन आली. भिंतीवरच्या नकाशावरून त्यांनी बोट फिरवलं. मग म्हणाले, "विहीर चुकलीय. ती रस्त्याच्या पलीकडे होती."

"पण आजोबा, हा सरकारी नकाशा आहे," डेल्फा म्हणाली.

"असेल. तो मोजणीवाला दिवसभर आमच्या ओसरीवर ताक पीत बसला होता."

मे महिन्यात सगळा वर्ग सपाट तळाच्या होडीतून निघाला. मीही गेले. पाणी काचेसारखं होतं, ढग आमच्या खालून चालले होते. ऑब्री डोळे मिटून वाट सांगत होते: आता चर्च, आता शाळा, इथून डावीकडे. मुलं कुजबुजतच बोलत होती, जणू खाली कुणी झोपलंय. विहिरीच्या जागी त्यांनी होडी थांबवायला सांगितली, वाकून हात पाण्यात बुडवला आणि तसाच ठेवला. जुनिपरनं त्यांचा सदरा मागून घट्ट धरला होता.

डेल्फानं नंतर हा धडा शिक्षकांच्या त्याच वेबसाइटवर टाकला. नकाशा ठेवला, ऑब्रींचा आवाज ठेवला आणि खाली एवढंच लिहिलं: विहीर कुठे होती, तुम्ही ठरवा. मला वाटलं, कोण बघणार? पण ॲरिझोनातल्या एका शिक्षिकेनं कळवलं की तिच्या वर्गात यावरून तासभर भांडण चाललं. मेन राज्यातल्या मुलांनी विचारलं, विहिरीचं पाणी गोड होतं का? ऑब्रींनी जुनिपरकडून उत्तर लिहून घेतलं: नाही, गंधकाचा वास यायचा, पण तहान भागायची.

डेल्फा आता निवृत्त झालीय. सकाळी तलावाकाठी बसून मुलांच्या पत्रांना उत्तरं लिहिते. गेल्या आठवड्यात मी विचारलं, तुझं स्वतःचं मत काय, विहीर कुठे होती? ती पाण्याकडे बघत राहिली, आणि मीही वाट बघत बसले.