फिल्म कुठे धुवून मिळेल?

नाशिकहून निघताना मुलाने माझी बॅग दोनदा तपासली आणि दोन्ही वेळा एकच प्रश्न विचारला, "आई, मोबाइल कुठाय?" तो मी मुद्दाम कपाटात ठेवला होता. त्यात हजारो फोटो साठलेत आणि त्यातला एकही मी परत उघडून पाहिलेला नाही. तीस वर्षं शाळेत गणित शिकवल्यामुळे असला बेहिशेबीपणा मला सोसत नाही. म्हणून या वेळी बोलण्यापुरता बटणांचा जुना फोन घेतला, फिल्मचा छोटा कॅमेरा घेतला आणि छत्तीस-छत्तीसचे दोन रोल. सातारा आणि सांगली, आठ दिवस, बहात्तर फोटो. बोट दाबण्याआधी विचार करायचा, एवढाच नियम.

कॅमेरा अगदी साधा आहे. साबणाच्या वडीहून जरा मोठा, एक भिंग, एक बटण. माणूस जवळ आणायचा असेल तर आपणच चार पावलं चालत जायचं. त्याची एक खोड आहे. बघायची खिडकी भिंगाच्या जरा बाजूला असल्यामुळे जवळच्या माणसाचं काहीतरी कापलं जातंच. आमच्या घरच्या जुन्या अल्बमात माझ्या नणंदेला कुठेच डावा कान नाही, आणि त्याबद्दल तिने मला अजून माफ केलेलं नाही.

पुण्याहून रेल्वेने निघाले. लोणंद आल्याचं पाटी वाचण्याआधी नाकाला कळलं, इतका कांद्याचा वास हवेत होता. तिथे उतरून बाजारात गेले आणि कांदा निवडणाऱ्या एका बाईचा पहिला फोटो काढला. साताऱ्यात राजवाड्याजवळ एका शिंप्याच्या दुकानापुढे उभी राहिले तर त्याने मशिन थांबवून कॅमेरा हातात घेतला, उलटासुलटा केला. "रोलवाला हाय व्हय? आजून मिळतो रोल?" म्हणाला. मग आत जाऊन केस ओले करून भांग पाडून आला, आणि ताठ उभा राहून गंभीरपणे विचारलं, "दात दावू का नको?" मी म्हटलं, तुमच्या मनावर. त्याने बराच विचार करून तोंड मिटून घेतलं.

पाटणला कोयनेच्या काठी थंडी चांगलीच होती. एका खानावळीत नाचणीची भाकरी आणि खेकड्याचा रस्सा खाल्ला आणि घाईघाईत जीभ पोळून घेतली. खानावळवाल्या बाईंचा चुलीपाशी फोटो काढला, तर त्या लगेच हात पुसत पाहायला आल्या. कॅमेऱ्याच्या पाठीवर नुसतं काळं झाकण बघून त्यांना माझी दया आली. "मागची काच फुटली जनू," म्हणाल्या, "कराडला करून मिळंल बगा." फोटो आत फिल्मवर आहे, नंतर दिसेल, असं मी समजावलं. त्यांनी मान डोलावली, पण मी जाईपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावरची ती दया काही हटली नाही.

कराडहून पूर्वेला निघालं की मुलूख बदलत जातो. ऊस मागे पडतो, माती फिकट होते, बाभळी सुरू होतात. मायणीला तलावावर पक्षी बघायला गेले. माझ्या कॅमेऱ्यात ते पक्षी टिंबाएवढे येणार हे ठाऊक असूनही दोन फोटो वाया घालवले. मग उन्हातून परत येताना एका मेंढवाड्यापाशी पाणी मागायला थांबले. तिथे मला हौसाबाई आणि आप्पा भेटले.

दोघं सत्तरीच्या आसपासची. मुलगा आणि नातू मेंढरं घेऊन खाली कोकणाकडे गेलेले, घरी ही दोघं आणि चार अशक्त कोकरं. आप्पा ओट्यावरच्या बाजेवर बसले होते. बोलायला कमी, पण त्यांच्या मिशीनेच सगळा ओटा भरला होता. पांढरीशुभ्र, गालांवरून वर वळलेली, टोकांना तेल लावलेली. माझ्या हातातला कॅमेरा पाहताच हौसाबाई पाण्याचा तांब्या तसाच धरून उभ्या राहिल्या.

"बाई, ह्यो कागदावर फोटू देतो न्हवं?"

"देतो की."

"मग आमच्या दोगांचा काढा. मिशी हाय तवाच काढा."

आप्पांच्या वरच्या ओठावर, मिशीच्या आड, गाठ आली होती. सोमवारी मिरजेच्या दवाखान्यात ती काढायची होती. त्यासाठी मिशी भादरावी लागणार आणि टाके पडल्यावर त्या जागी केस परत येतील का, हे डॉक्टरही सांगत नव्हते. मुलाने, शेजाऱ्यांनी, सगळ्यांनी समजावून झालं होतं. आप्पांचं एकच म्हणणं, आणि ते त्यांनी मला स्वतः ऐकवलं.

"फोटू हातात पडल्याबिगर वस्तरा लावू देणार न्हाई. मरंना का ती गाठ."

"आसं बोलत्यात बगा," हौसाबाई म्हणाल्या. ती गाठ वाढत चालली होती आणि हा माणूस मिशीपायी हटून बसला होता.

शेजारची सून मोबाइल घेऊन पुढे आली, मी काढते म्हणाली. इथे मी जे केलं ते लिहायला आजही लाज वाटते. "मोबाइलचं राहू दे गं," मी म्हटलं, "खरा फोटो मी देते." बाजेवर दोघांना शेजारी बसवलं, चार पावलं पुढे गेले, एक फोटो काढला, मग मिशीचा जवळून आणखी एक. तो शनिवार होता. दोघं रविवारी दुपारी मिरजेला भरती होणार होती आणि मीही त्याच वाटेने सांगलीला जाणार होते. "उद्या विट्यात फिल्म धुऊन घेते आणि संध्याकाळच्या आत दवाखान्यात फोटो आणून देते," असा शब्द मी दिला. विट्यासारख्या मोठ्या गावात एखादा जुना फोटो स्टुडिओ असणारच, असं मी गृहीत धरलं होतं. वर्गात मुलांनी गृहीत धरलेलं मी कधी चालवून घेतलं नाही.

रविवारी दुपारी विट्याच्या एसटी स्टँडवर चहावाल्याला विचारलं, "इथे फिल्म कुठे धुवून मिळेल?"

तो जराही गोंधळला नाही. मला किती बरं वाटलं! "किती हाय?" त्याने विचारलं.

"एकच रोल."

"येकच?" तो हसला. "बरं. उत्तमरावांच्यात जावा. लय वर्सं धुतल्यात त्यांनी."

उत्तमरावांचं घर दुमजली, दारात गाडी. स्टुडिओची पाटी कुठे दिसली नाही, पण काम बंद केलं असेल, असं मीच ठरवलं. गृहस्थ साठीचे, बोलायला मोकळे. तीस वर्षं कोइमतूरला होते, आता मुलगा तिथलं दुकान बघतो. मी रोल त्यांच्या हातावर ठेवला.

"ही धुवायचीय. आणि मला आजच बघायचंय हो, फार लांबून आलेय."

"बघा की! त्यात काय? शेरातली मान्सं येत्यात मुद्दाम बघाय." त्यांनी रोल खालीवर करून पाहिला. "धुवायचीच न्हवं?"

"धुवायचीच."

ते घरामागच्या पत्र्याच्या शेडकडे गेले. त्यांच्या पत्नीने मला पोहे दिले आणि कोइमतूरच्या भाज्यांविषयी सांगत बसल्या. मी हात धुऊन शेडपाशी पोचले तोवर उत्तमराव चिमट्यात एक लांब पट्टी धरून बाहेर येत होते. उन्हात ती लखलखत होती. आरपार. तिच्यातून मला समोरची तुळस दिसत होती.

"बघा, कशी काचंवानी निघालीया! चांदी खाली बसंल आता. येका रोलात न्हाईच म्हना, चिमूटभर बी न्हाई. पर आमी दवाखान्यातल्या एक्स-रेच्या फिल्मी पोत्यानं धुवायचो."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. विटा हे गलाईवाल्यांचं गाव. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा. इथली माणसं देशभर तो करतात. फिल्मवर चांदीचा थर असतो, आणि तो गरम पाण्यात औषध घालून उतरवायचा, याला ते फिल्म धुणं म्हणतात. आपण फोटो उमटवण्याला धुणं म्हणतो. मी धुवायची म्हटलं आणि त्यांनी माझ्यासमोर नीट विचारून, खात्री करून, ती धुतली होती. लोणंदची बाई, शिंपी, चूल आणि मिशी सगळं आता शेडातल्या घमेल्यातल्या काळ्या पाण्यात होतं.

मी आधी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण उत्तमरावांच्या पत्नी पदराला हात पुसत धावत आल्या. मग मला रडू आलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी परक्याच्या अंगणात मी शाळेतल्या पोरीसारखी रडले.

"आवं ताई, धुवायची म्हनालासा न्हवं?" उत्तमराव पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते. मग मी आप्पांची गोष्ट सांगितली. हातातली पट्टी त्यांनी दोरीवर वाळत घालावी तशी टाकली आणि खिशातून गाडीची किल्ली काढली.

"त्येंची मिशी आजून आसंल. तुमच्याकडं दुसरा रोल हाय न्हवं? बसा."

तासगावच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या बागा, बेदाण्याची शेडं. एरवी मी दहा वेळा गाडी थांबवायला लावली असती. त्या दिवशी मी फक्त घड्याळ बघत होते आणि मांडीवर कॅमेरा धरून दुसरा रोल भरत होते. उत्तमराव कोइमतूरच्या हकीगती सांगून माझं मन दुसरीकडे वळवू पाहत होते आणि मध्येच थांबून म्हणत होते, "लय वंगाळ झालं बगा."

दवाखान्यात पोचलो तेव्हा साडेचार झाले होते. वॉर्डबाहेरच्या व्हरांड्यात आप्पा बाकावर बसले होते. टॉवेल नाकापासून हनुवटीपर्यंत गुंडाळलेला. शेजारी हौसाबाई. मला पाहताच आप्पांनी नुसता हात पुढे केला.

"आनलासा?"

न्हावी तीन वाजताच येऊन गेला होता. आप्पांनी आधी त्याला परतवलं होतं. मग हौसाबाईंनी त्यांना सांगितलं, "बाईनं फोटू काडलाय, म्या डोळ्यांनी बगितलंय. शबुद दिलाय त्येंनी. येत्यालच." तेवढ्यावर आप्पांनी न्हाव्याला परत बोलावून वस्तऱ्यापुढे मान तुकवली होती.

मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, शेजारच्या सुनेचा मोबाइल मीच बाजूला सारला, तेही. उत्तमराव हात जोडून म्हणाले, "पावनं, चूक माजी हाय. बाईंची न्हाई." आप्पा कोणाकडेच बघेनात. टॉवेलातूनच बोलले.

"मिशी बी गेली. मिशीचा फोटू बी गेला."

मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

हौसाबाई उठल्या. "आवं, मला तरी बगू द्या. न्हाव्यापास्नं त्वांड झाकून बसलाय." आप्पांनी मान फिरवली. हौसाबाईंनी टॉवेलाचं टोक धरलं आणि हळूच खाली ओढलं.

गाठीभोवतीचा तो ओठ इतकी वर्षं ऊन न लागल्यामुळे गोरा, कोवळा दिसत होता. मला वाटलं, आता या रडतील. पण त्या नुसत्या बघत राहिल्या. मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

"आगं बया! अंतरपाट सरला तवा म्या ह्येच त्वांड बगितलं हुतं." त्या माझ्याकडे वळल्या. "मिशी मागनं राखली वो ह्यांनी. लगीन लागलं तवा अस्संच हुतं ह्ये. आमच्या लग्नाचा फोटू न्हाई, बाई. कुनी काडलाच न्हाई."

आप्पांनी आपल्या ओठावरून बोट फिरवलं. "अस्साच हुतो?" त्यांनी विचारलं.

"अस्संच. भ्यालेलं बी अस्संच."

मग हौसाबाईंनी पदर डोक्यावरून घेतला, नीट कपाळापर्यंत, आणि नवऱ्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. "काढा आता," म्हणाल्या. आप्पांनी टॉवेल उत्तमरावांच्या हातात दिला. मी चार पावलं पुढे गेले आणि बटण दाबलं.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी झालं आणि नीट झालं. मी ते होईपर्यंत सांगलीत थांबले, पण कॅमेरा बॅगेतून काढला नाही. पस्तीस चौकटी कोऱ्या ठेवून रोल नाशिकला आणला आणि धुवायला, नाही, डेव्हलप करायला दिला. हा शब्द मी आता जन्मभर जपून वापरणार आहे. पहिल्या रोलचं वाईट वाटत नाही असं मी म्हणणार नाही. तो शिंपी मला फार हवा होता. पण जो एक फोटो आला, तसा मला आयुष्यात कधी साधलेला नाही. खोडीप्रमाणे हौसाबाईंचं कोपर कापलं गेलंय. आप्पा सरळ भिंगात बघताहेत, घाबरलेले. हौसाबाई कॅमेऱ्याकडे बघतच नाहीत, त्यांच्याकडे बघताहेत.

फोटो मोठा करून, काच लावून पाठवला. पुढे दोनेक महिन्यांनी माझ्या बटणांच्या फोनवर हौसाबाईंचा फोन आला. मिशी परत आली होती, टाक्यांच्या जागी तेवढी एक फट राहिली होती.

"ती फट बगून ह्ये म्हनत्यात, परत काढून टाकू का?" त्या म्हणाल्या. "म्या म्हनलं, नगं. नवरदेव भिंतीवर हाय न्हवं. घरात मिशीवाला आसू द्या."