आधी गरब्यात लावून बघा

नटुभाई, तुमच्यावर चिडावं तरी किती? राजकोटात बाकीचे दुकानदार कानाचं यंत्र दार लावलेल्या शांत खोलीत ऐकवतात आणि विकून मोकळे होतात. तुम्ही मात्र प्रत्येकाला यंत्र देऊन बजावायचात, "आधी गरब्यात लावून बघा. तो गोंगाट सोसला, तरच विकत घ्या." माणसं ढोलाने भंडावून यंत्र परत करायची आणि समोरच्या दुकानातून तसलंच घ्यायची.

"अहो, जरा गोड बोला की!" मी ओरडले.

"बेन, नंतर शिव्या खाण्यापेक्षा आत्ता माशा मारलेल्या बऱ्या."

त्या खरेपणावर भरवसा ठेवून मी एकटीनेच तुमच्याकडून यंत्र घेतलं. नवरात्र संपलं की आवाज जुळवायला घरी येतो म्हणालात. दिवाळीआधीच दुकान बंद करून लेकाकडे मोरबीला गेलात. यंत्र अजून कानात शिट्ट्या मारतंय.