आधी राजासन बघ

जगाच्या शेवटाचं वाचताना हसणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या नर्सबाई. बायबलातलं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, उघडलं की आमच्या ख्रिस्ती मंडळीतले पुरुष घसा खाकरायचे, बायका डोक्यावरचा पदर सारखा करायच्या. नर्सबाई मात्र लग्नाच्या पंगतीला बसल्यासारखी ऐसपैस मांडी घालायच्या. म्हणायच्या, "वाचा की! आपल्याच माणसाच्या जिंकण्याची गोष्ट आहे. मयताला आल्यासारखी तोंडं कशाला केलीत?"

भातसानगरच्या दवाखान्यात त्यांनी सगळी नोकरी काढली आणि निवृत्त झाल्यावर शहापुरात दोन खोल्या घेऊन राहिल्या. आमची रविवारची उपासना तिथेच भरायची. धरणावरचे कामगार असोत की पाड्यावरची माणसं, बौद्ध असोत की हिंदू, प्रत्येकाला त्यांनी कधी ना कधी सुई टोचलेली होती. टोचताना एकच हुकूम असायचा, "सुईकडं नाय, माझ्याकडं बघ." माणूस त्यांच्या तोंडाकडे बघेपर्यंत काम झालेलं असायचं.

प्रकटीकरणही त्यांनी आम्हाला तसंच शिकवलं. त्यात सात डोक्यांचं श्वापद आहे, पीडा आहेत, युद्धं आहेत. पण त्याआधी दोन अध्याय आहेत. तिथे स्वर्गातलं देवाचं राजासन दिसतं, आणि पुढे काय घडणार ते लिहून सात शिक्क्यांनी बंद केलेली गुंडाळी हाती घेणारा कोकरा, म्हणजे ख्रिस्त. कोणी ते ओलांडून थेट श्वापदावर उडी मारली की नर्सबाई पानावर तळहात ठेवायच्या.

"आधी राजासन बघ. रिकामं आहे काय?"

"नाय, बाई."

"मग आता जा पुढं."

मी तेव्हा मुरबाडच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. किन्हवलीजवळच्या आमच्या गावातून एस.टी.नं जायचे. आमच्या घरात दहावीच्या पलीकडे कोणी गेलेलं नव्हतं. हे मी आजही मान ताठ ठेवूनच सांगते.

त्या वर्षी, म्हणजे १९९९ साली, दिवाळीनंतर बाहेरगावचे एक उपदेशक आले. माणूस मनाचा वाईट नव्हता, पण त्यांनी भिंतीवर श्वापदाचं भलंमोठं चित्र लावलं आणि सांगितलं, की एकतीस डिसेंबरला जगातले सगळे कंप्युटर बंद पडणार आणि शेवट सुरू होणार. नर्सबाई नेमक्या तेव्हा मुलाकडे नाशिकला गेल्या होत्या. राजासनाचं विचारायला कोणी नव्हतं.

बाबा त्या सभेला गेले होते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "कॉलेज बास झालं. शेवटाला पोरं घरात पायजेत." मी रडले, भांडले. आईनं मध्ये पडून बघितलं. बाबा हलले नाहीत. त्यांचा राग मला कळला असता. ही भीती होती, आणि भीतीशी भांडता येत नाही. मग त्यांनी पुढच्या पेरणीसाठी राखलेलं बियाण्याचं भात कणगीतून काढलं आणि गिरणीवर न्यायला पोती भरली. पुढची पेरणी होणारच नसेल तर बियाणं ठेवायचं कुणासाठी? बियाणं कांडून खाणारा शेतकरी आमच्या गावानं तोवर पाहिला नव्हता. शेजारचे काका कुंपणावरून ओरडले, "काय रे यशवंता, जमीन विकलीस काय?"

नाशिकहून परतलेल्या नर्सबाईंना हे कळलं, आणि त्या पहिल्या गाडीनं आमच्या दारात उतरल्या. पोत्यांकडे बघून म्हणाल्या, "यशवंत, मला वाटलं लग्न काढलंस."

"चेष्टा नको, बाई. प्रभू येतोय."

"येऊ दे की! पाहुणा येणार म्हणून घरधनी चूल मोडतो काय? आण तुझं बायबल."

बाबांना वाचन जड जायचं. बोट ठेवून, एकेक शब्द लावत त्यांनी राजासनाचा आणि कोकऱ्याचा भाग वाचला. आम्ही सगळे पोत्यांवरच बसलो होतो.

"आता सांग," नर्सबाई म्हणाल्या, "शिक्के फोडतो कोण? श्वापद?"

"नाय. कोकरा."

"तो कसा दिसतो, लिहिलंय?"

बाबांनी पुन्हा बोट ठेवलं. "वधलेला."

"कुणासाठी वधला?"

बाबांनी पानावरचं बोट उचललं. मग हळूच म्हणाले, "माझ्यासाठी."

"मग तुझ्यासाठी जो मेला, त्याच्याच हातात सगळा कारभार आहे. दुसऱ्या कुणाच्या नाय. त्रास होणार नाय असं मी म्हणत नाय, यशवंत. श्वापद आहे. पण ते साखळीचं कुत्रं आहे. साखळी कुठवर सोडायची ते मालक ठरवतो."

बाबांनी डोळे पुसले. मी धीर करून विचारलं, "बाई, तुम्हाला भीतीच वाटत नाय?"

"वाटते गो! पायावरनं उंदीर गेला तरी बोंब मारते मी. म्हणून तर रोज वाचते."

आई हसली, मग बाबाही. संध्याकाळी भात परत कणगीत गेलं आणि सोमवारी मी मुरबाडला.

नव्या वर्षाच्या सकाळी एस.टी. वेळेवर आली नाही, पण ती कधीच येत नसे. मंडळीतली तरुण मुलं उपदेशकांच्या नकला करू लागली तेव्हा नर्सबाईंनी दटावलं, "हसू नका रे. त्यांची तारीख चुकली. येणारा चुकलेला नाय."

मी बी.ए. झाले. पेढे घेऊन गेले तर म्हणाल्या, "बरं झालं. आता प्रभू आला तर डिग्रीसकट हाक मारील तुला." आणि दोन पेढे, साखरेचं पथ्य विसरून, एकदमच तोंडात टाकले.

पुढे काही वर्षांनी त्या गेल्या. झोपेतच, कुणाला तसदी न देता. त्यांनी टोचलेली सगळी माणसं शहापुरात लोटली. माती देण्याआधी मंडळीच्या पाळकांनी विचारलं, वचन कोण वाचणार? मला वाटलं, मलाच उठावं लागेल. मी उठायच्या आत बाबा पुढे झाले. त्यांनी प्रकटीकरण उघडलं, बोट ठेवलं आणि सगळे अश्रू पुसले जातील, मरण उरणार नाही, तो भाग सावकाश, एकही शब्द न गाळता वाचला.

आमचे शेजारचे काका माझ्या बाजूला उभे होते. परतताना त्यांनी बाबांना हळूच विचारलं, "काय रे, हेच ना तुमचं ते भीती घालणारं पुस्तक? आज बरं वाचलंस."

"भीती घालणारं?" बाबा थांबले. "काका, ते आमच्या राजाचं पुस्तक हाय. बसा घरी येऊन. पहिल्यापासनं वाचून दाखवतो."